नोतोला न्यायचं मीठ

जपानच्या व्हिसासाठी एक तक्ता भरून द्यावा लागतो. कोणत्या तारखेला कुठे असणार, काय करणार, मुक्काम कुठे. एकेका दिवसाला एकेक ओळ. नवीन पनवेलच्या आमच्या घरी तो तक्ता जेवणाच्या टेबलावर, पाण्याच्या तांब्याखाली, कितीतरी दिवस पडून होता. त्याची पहिली प्रत माझ्या नवऱ्याच्या अक्षरात आहे, पेन्सिलीने, मराठीत भरलेली. चार दिवसांच्या ओळी नीट भरल्या आहेत. विमान, रेल्वे, बस, खोली. पाचव्या दिवसापुढे फक्त 'मीठ देणे' एवढंच आहे आणि त्यापुढे त्याची नेहमीची शेपटी, 'चौकशी करणे'.

ही चौकशी करायची राहून गेली. गेल्या वर्षी गौरी विसर्जनानंतर दोन दिवसांनी तो गेला. ताप म्हणून दवाखान्यात नेला होता, चौथ्या दिवशी घरी आणावा लागला तो तसा. त्यानंतर महिन्याभराने, ऑक्टोबरमध्ये, आम्ही दोघं नोतोला जाणार होतो.

नोतो हा जपानच्या पश्चिमेच्या समुद्रात शिरलेला जमिनीचा एक वाकडा तुकडा आहे. सहलींच्या जाहिरातींत तो सहसा नसतो. तिथे काही माणसं अजून जुन्या रीतीने मीठ करतात. खांद्यावरच्या कावडीने समुद्राचं पाणी आणायचं आणि सारख्या केलेल्या वाळूवर लाकडी भांड्याने असं उडवायचं, की ते पावसासारखं पसरून पडावं. उन्हाने वाळू वाळली की ती गोळा करायची, तिच्यातून पुन्हा समुद्राचंच पाणी गाळून घ्यायचं, आणि ते दाट खारं पाणी मोठ्या लोखंडी कढईत, खाली लाकडं जाळून, तासन्‌तास आटवायचं. हे सगळं मला आता पाठ आहे. तो असताना यातलं निम्मंही मला ठाऊक नव्हतं.

तो मिठागरवाल्यांच्या घरातला. उरणच्या बाजूला खाडीकाठी त्यांचं गाव आणि गावाच्या खालच्या अंगाला मिठाचे वाफे. भरतीचं पाणी बांधातून आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात खेळवत न्यायचं, ऊन त्याला आटवील तसं लाकडी फळीने मीठ ओढायचं. आजोबा, वडील, आई सगळे त्यात. कॉलेजात गेलेला घरातला तो पहिला. शिकून तो कळंबोलीच्या पोलाद बाजारात वजनकाट्यावर कामाला लागला आणि तिथेच मॅनेजर होऊन निवृत्त झाला. सासरे त्याला म्हणायचे, "तू लोकांना लोखंड विक. आमचं मीठ ते खाऊन टाकल." तो म्हणायचा, "म्हणून तर लोक परत येतात, बाबा." हा विनोद मी दोघांच्या तोंडून इतक्यांदा ऐकला होता, की पहिल्यांदा हसले होते की नाही, ते आता आठवत नाही.

पुढे वाफे सरकारी भूसंपादनात गेले. बांध फुटले, भराव पडला, आणि आता तिथे कंटेनर एकावर एक रचून ठेवतात. शेवटच्या हंगामातलं मीठ त्याने कॉफीच्या एका मोठ्या काचेच्या बाटलीत भरून आणलं होतं. अर्धा-पाऊण किलो असेल. घरात तिला आम्ही बरणीच म्हणायचो. जाड, करडं, कायम ओलसर मीठ. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर ते राहिलं आणि कधी वापरलं गेलं नाही. पावसाळ्यात त्याला पाणी सुटायचं. बरणी कलती करून तो तळाशी जमलेलं पाणी दाखवायचा आणि म्हणायचा, "खाडी जागी झाली." मी मान डोलवायची.

मी इथल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. माझं माहेर पुण्याचं, मास्तरांचं घर. आमच्याकडे मीठ डब्यातून यायचं, त्यामागे काही असतं हे मला लग्नानंतर कळलं, आणि कळल्यावरही मी त्यात फार डोकावले नाही. नोतोची चित्रफीत त्याने मला पहिल्यांदा दाखवली तेव्हा मी वाचत होते. "हे बघ," तो म्हणाला. "थांब, एवढं पान संपू दे," मी म्हणाले. पान संपलं, पण बघायचं राहिलं. असं तीन-चारदा तरी झालं असेल.

तो मात्र त्या वाळूवाल्यांच्या मागे लागला. फोनवरून वाचायचा, शेजारच्या इंजिनियर मुलीकडून भाषांतरं करून घ्यायचा, एका निळ्या फाइलमध्ये कागद लावायचा. मधे तिकडे मोठा भूकंप झाला. किनारा काही ठिकाणी वर उचलला गेला आणि समुद्र मागे सरला, असं त्याने वाचलं. "आपल्याकडे समुद्रात जमीन घातली," तो मग म्हणाला, "तिकडे समुद्रच उठून गेला." पुढे त्यातल्या काहींनी पुन्हा काम सुरू केल्याचं कळलं आणि त्याने ठरवलं, की जायचं. आपलं मीठ त्यांना द्यायचं, त्यांचं थोडं मागून आणायचं. बस्स, एवढंच.

तो मे महिन्यात जाऊ म्हणत होता. मीच म्हटलं, मेमध्ये नको. जूनमध्ये मी निवृत्त होणार होते, त्याआधी सगळी पुस्तकमोजणी करून चार्ज द्यायचा होता. हजारो पुस्तकं मी एकेक करून मोजली, त्यातली नऊ कमी भरली, आणि त्या नवांसाठी मी तीन आठवडे घालवले. तो म्हणाला, "बरं, ऑक्टोबर. ऑक्टोबरपर्यंत करतात ते मीठ." त्याने कधी कुरकुर केली नाही, आणि हीच गोष्ट मला सोडत नाही.

तो गेल्यावर फाइल मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवली. ती बाहेर काढली शिमग्याच्या सुमाराला. त्या दुपारी पहिल्यांदा मी ती पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत वाचली, जशी वाचायला हवी होती तशी. एका कागदावर त्याने लिहिलं होतं: 'लोखंडाच्या कढईत मीठ! बाबांना सांगायला हवं होतं.' दुसऱ्यावर: 'तिकडे मयताहून आल्यावर अंगावर मीठ टाकतात. आपल्याकडे अंघोळ. का? चौकशी करणे.' मग उठून सासूबाईंना सांगितलं, की मी जाणार आहे. त्याचं मीठ त्याला जिथे द्यायचं होतं तिथे मी देऊन येणार आहे.

सासूबाई चौऱ्याऐंशीच्या. सासरे गेल्यापासून आमच्याकडेच असतात. गॅलरीत खुर्ची टाकून बसतात आणि खालून जाणाऱ्या प्रत्येक भाजीवाल्याशी भांडतात. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एकलीच?"

"एकटीच."

"वरीस व्हायचाय त्याचा."

"वर्ष झाल्यावरच जाईन, आई. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात वर्ष होतंय. त्यानंतर."

"कोन बोलला पयल्या आठवड्यात?" त्यांनी बोटांची पेरं मोजायला सुरुवात केली. "यंदा अधिक महिना हाय. गवरीच्या मागून दोन दिस. म्हंजे पुढं सरकला. मग पितरांचा पंधरवडा. त्यात घर सोडून जाशील?"

इतकी पुस्तकं वाचून मी त्याचं वर्ष इंग्रजी तारखेने मोजलं होतं. पंचांग काढून पाहिलं तर त्यांची पेरं बरोबर होती. पितृपक्ष संपेपर्यंत ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडत होता, आणि तिकडची मिठाची कामं ऑक्टोबरबरोबर थांबतात. हाताशी जेमतेम दोन आठवडे उरत होते.

"मग जाऊ ना?" मी विचारलं.

"मना काय इचारतेस. पास्पोट तुझा हाय." ना होकार, ना नकार. त्या पुन्हा रस्त्याकडे बघू लागल्या.

स्टेशनजवळच्या टूर एजंटकडे गेले. गोड बोलणारा माणूस. माझं सगळं ऐकून त्याने एक रंगीत पत्रक पुढे सरकवलं. "काकू, ग्रुपमध्ये जा. टोकियो, क्योतो, ओसाका. रोज मराठी जेवण, सोबत आपली माणसं. भेंड्यासुद्धा खेळतात बसमध्ये."

"मला नोतोला जायचंय."

"तिकडे ग्रुप नाही जात."

"म्हणूनच."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग निळी फाइल उघडली, पेन्सिलीचा तक्ता वाचला आणि पाचव्या दिवसावर थांबला. "हे मीठ देणे म्हणजे काय?"

सांगितलं. तो खुर्चीत मागे टेकला. "काकू, पांढरी पूड घेऊन परदेशात... नाही म्हणजे, विमानतळावर प्रश्न विचारतील."

"पूड नाही, खडे आहेत. आणि पांढरंही नाही."

"बरं. पण फॉर्मवर असं नाही लिहिता येणार. मी साइटसीइंग लिहितो." तक्ता कुणी तयार केला, ते त्याने विचारलं, तेही मी सांगितलं. त्यानंतर त्याने पत्रक परत उचलून खणात ठेवलं आणि नोतोच्या बसची चौकशी मनापासून केली.

घरी येऊन सासूबाईंना विमानतळाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "चाखून बघा म्हनावं."

आषाढात एकदा सामानाची यादी करताना बरणी खाली काढली. चार दिवस झड लागली होती. घरात पापड मऊ पडले होते, आगपेटी पेटत नव्हती, माझ्या पुस्तकांची पानं जड झाली होती. सवयीने, म्हणजे त्याच्या सवयीने, मी बरणी कलती केली. मीठ रव्यासारखं सरसर एका बाजूला घसरलं. तळाशी पाण्याचा थेंब नव्हता.

मी बरणी सरळ केली आणि पुन्हा कलती केली. मग झाकण उघडून बशीत थोडं ओतलं. बारीक, पांढरंशुभ्र, कोरडं. आमच्या भाजीत रोज पडतं तेच, पिशवीतलं.

मी आधी कुणाला काही बोलले नाही. मला वाटलं, तेराव्याला गावच्या बायकांनी गच्चीवर स्वयंपाक केला होता, त्यातल्या कुणीतरी घाईत बरणी नेली असेल आणि लक्षात आल्यावर भरून ठेवली असेल. त्या बायकांचे चेहरे मी आठवू लागले. वजनात काही फरक नव्हता, बरणी तीच होती, आणि हे दहा महिने मी रोज तिच्याखाली उभी राहून चहा करत होते. नऊ पुस्तकांसाठी तीन आठवडे जीव टाकणारी बाई मी. दोन दिवस कुढून मी एजंटला फोन केला आणि म्हणाले, थांबवा. मला नाही जायचं.

"काकू, पण बसचं आत्ताच जमलंय," तो म्हणाला. "दोन दिवस विचार करा."

"विचार झालाय," मी म्हणाले आणि फोन ठेवला. वळले तर सासूबाई दारात उभ्या होत्या.

"का थांबवलंस?"

"न्यायला काही उरलं नाही, आई. बरणीत त्यांचं मीठ नाहीये."

त्या भिंतीला धरून आल्या, टेबलाशी बसल्या, बशीतलं मीठ बोटाने थोडं इकडे, थोडं तिकडे केलं.

"मीच घातलं."

"कशात?"

"तेराव्याला. डालीत, भाजीत, भातात, सगल्यात. त्या बाया पिशवी फोडत व्हत्या. मी म्हटलं, ऱ्हावा. माझ्या पोराच्या जेवनात बाजारचं मीठ नाय पडनार."

"मला विचारायचं तरी."

"कोनाला इचारू? तू आतल्या खोलीत व्हतीस, पुस्तक उघडून. दोनदा येऊन बघून गेली मी. पान काय तू उलटत नव्हतीस."

ते खरं होतं.

"आणि हे भरून का ठेवलंत?"

"रिकामी दिसली असती तर रडली असतीस." त्या म्हणाल्या, "पन मना वाटलं नव्हतं तुला कलल. तू कवा मिठाकडे बघितलंस गो?"

हे त्या टोमणा म्हणून बोलल्या नाहीत. म्हणूनच ते नेमकं लागलं. मी उठून ओट्यापाशी गेले, नळ सोडला, बंद केला.

"नि त्या दिवशी," मागून त्या म्हणाल्या, "एवडं सगलं मी केलं, नि तू पानावर बसून काय म्हनालीस? डाल खारट झालीय."

मला ते आठवलं. शेजारच्या बाईंनी मला बळेच पानावर बसवलं होतं, मी डाळीचं बोट तोंडात घातलं होतं आणि हे वाक्य बोलले होते. त्या दिवसातलं माझं बहुधा तेवढं एकच वाक्य. मी वळून सासूबाईंकडे पाहिलं. त्यांच्या तोंडाला पदर होता आणि खांदे हलत होते. मला आधी वाटलं रडताहेत. मग मलाही ते आवरेना. आम्ही दोघी, त्या टेबलाशी बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. तो गेल्यानंतर त्या घरात तसं कुणी हसलं नव्हतं.

"म्हणजे मी खाल्लंय ते," मी म्हणाले.

"चालीस मान्सांनी खाल्लंय. एजंटानं खाल्लं नसल तेवडंच."

हसू ओसरल्यावर प्रश्न होता तिथेच होता. मी म्हणाले, "पण तिकडे काय नेऊ? रिकाम्या हाताने जाऊन त्या माणसांना काय सांगू, माझा नवरा येणार होता म्हणून?"

"रिकाम्या हातानं कशाला? माझ्या म्हायेरी अजून वाफे हायत. पावसासाठी ढीग झाकून ठेवतात."

"ते यांचं मीठ नाही, आई."

"कसं नाय?" त्या एकदम चिडल्या. "त्याच खाडीचं पानी हाय. तो पोवायला कुठं शिकला? तिथंच, मामाच्या बांधावर. दोनदा बुडता बुडता काढलाय त्याला. पोटात गेलंय त्याच्या ते पानी."

हे मला माहीत नव्हतं. तो बुडता बुडता वाचला होता, तेही दोनदा, हे मी बत्तीस वर्षांच्या संसारात ऐकलं नव्हतं, किंवा त्याने सांगितलं तेव्हा माझं पान संपायचं होतं.

रविवारी रिक्षा ठरवून आम्ही दोघी त्यांच्या माहेरी गेलो. पाऊस थांबून आभाळ खाली आलं होतं. मुख्य रस्त्यापर्यंत गाव भरावाखाली गाडलं गेलंय, दोन्ही बाजूंनी ट्रेलर उभे. मधल्या एका फाट्याने आत गेलं की अचानक सपाट पाणी लागतं. वाफे पावसाने भरलेले, बांधांवर गवत, आणि एका उंचवट्यावर निळ्या ताडपत्रीखाली मिठाचा ढीग, वर दगड ठेवलेले. सासूबाईंनी मला छत्री धरायला लावली. ताडपत्रीचं टोक उचलून त्या उकिडव्या बसल्या आणि वरचा थर हाताने बाजूला सारू लागल्या. मी वाकायला गेले तर म्हणाल्या, "तू नको. तुला कलायचं नाय." कोपरापर्यंत हात घालून त्यांनी आतलं मीठ काढलं, एक खडा जिभेवर ठेवला, थुंकला आणि मग बरणी मागितली. पिशवीतलं मीठ मी आदल्या दिवशीच डब्यात परत ओतून, बरणी धुऊन पुसून आणली होती.

"घे, तू पन चाख," त्या म्हणाल्या.

मी चाखलं. आधी खारट, आणि मागून किंचित कडसर. तेराव्याच्या डाळीची चव नेमकी हीच होती.

आता श्रावण आहे. एजंटला मी दुसऱ्याच दिवशी फोन केला होता. "थांबवलंच नव्हतं काकू," तो म्हणाला. बरणी पुन्हा वरच्या फळीवर आहे आणि तिच्या तळाशी बोटभर पाणी आहे. मी रोज सकाळी चहाच्या आधी ती कलती करून बघते. नेताना मीठ प्लॅस्टिकच्या डब्यात घालावं, असं माझं मत आहे, काच फुटेल. सासूबाईंचं म्हणणं, बरणीच न्यायची, आणि तिला गुंडाळायला त्यांनी स्वतःचं एक जुनं नऊवारी काढून ठेवलं आहे. बहुतेक बरणीच जाणार.

वर्षश्राद्ध व्हायचं आहे, पितृपक्ष जायचा आहे. काल दुपारी मी तक्ता पुरा करायला बसले. सहावा, सातवा, आठवा दिवस, परतीचं विमान. शेंगदाणे सोलत समोर बसलेल्या सासूबाई मधेच म्हणाल्या, "नि आयक. त्या मान्साच्या हातावर देऊ नको मीठ. भांडान व्हतं. खाली ठेव, तो उचलल."

"आई, त्यांच्याकडे अशी रीत नसेल. त्यांना वाटेल मी जमिनीवर का ठेवतेय."

"मीठवाला हाय ना तो?"

"हो."

"मग तू खाली ठेव."

एजंटच्या छापील फॉर्मवर पाचव्या दिवशी साइटसीइंग लिहिलेलं आहे. पेन्सिलीच्या प्रतीत मी 'मीठ देणे' तसंच ठेवलं. पुढचं 'चौकशी करणे' खोडावंसं वाटेना, म्हणून तेही राहू दिलं. त्याच्या खाली, उरलेल्या जागेत, माझ्या अक्षरात लिहिलं: 'खाली ठेवून.'